बर्फाच्या गावाचे बारा महिने

पाऊस आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. मृगाचा पाऊस कसा असतो, हस्ताचा कसा असतो, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. थंडी, धुके, दव, गारा, वळीव, सगळे आपण पाहिलेले आहे. पण आभाळातून बर्फ पडताना आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. आपल्या मुलुखात तो पडतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, जो बर्फ आपल्याकडे पडत नाही, त्याच्याशी आपल्याला काय करायचं आहे? करायचं आहे, मंडळी. आपल्या गावोगावची पोरं पलटणीत आहेत. त्यांतली कितीतरी काश्मीरच्या बर्फात पहारा करतात. हल्ली आपल्याकडची माणसं सहलीलाही काश्मीरला जातात. चार पैसे गाठीला असले तर शेतकरीसुद्धा जातात. आणि आणखी एक गोष्ट. तिथे बर्फ पाडणारे वारे आपल्या द्राक्षबागेपर्यंत हात पोचवतात. ते कसे, ते पुढे येईल.

काश्मीरमध्ये गुलमर्ग नावाचे एक छोटे गाव आहे. जिल्हा बारामुल्ला. गुल म्हणजे फूल. गुलाब, गुलकंद हे शब्द आपण बोलतो, त्यांतला हा गुल. मर्ग म्हणजे डोंगरावरचे कुरण. फुलांचे कुरण म्हणजे गुलमर्ग. उन्हाळ्यात ते नावाप्रमाणे असते. हिवाळ्यात मात्र फूल दिसत नाही, गवताची काडी दिसत नाही. सगळे पांढरे. त्या बर्फावर घसरण्याचा खेळ खेळायला देशाविदेशातून माणसे येतात.

या खेळाला स्कीचा खेळ म्हणतात. स्की म्हणजे दोन लांब, अरुंद पट्ट्या. पुढचे टोक थोडे वर वळलेले. त्या पायातल्या बुटांना घट्ट बसवायच्या, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या आणि उतारावरून खाली घसरत यायचे. नुसत्या बुटाने भुसभुशीत बर्फावर उभे राहिले तर पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पट्टी लांब असल्यामुळे वजन पसरते, म्हणून माणूस वर राहतो. चिखलात फळी टाकून आपण चालतो ना, तोच हा प्रकार. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली इथे स्कीचा क्लब काढला. पुढे १९६८ च्या सुमारास हा खेळ आणि डोंगर चढणे शिकवणारी सरकारी संस्था इथे सुरू झाली. २०२० सालापासून 'खेलो इंडिया'चे हिवाळी सामनेही इथे भरतात.

गुलमर्ग किती उंच आहे, ते आधी ध्यानात घ्या. सगळा खेळ उंचीचा आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. काश्मीरची राजधानी श्रीनगर सपाट खोऱ्यात वसलेली आहे, पण ते खोरेच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतके उंच आहे. श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर गुलमर्ग. ते २६५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक हजार मीटर. गुलमर्गच्या पाठीशी अफरवट नावाचा डोंगर उभा आहे. तो ४२०० मीटरच्या आसपास आहे. अडीच कळसूबाई एकावर एक ठेवा, म्हणजे अफरवट.

आता उंच गेले की थंडी का वाढते? शाळेत आम्ही भूगोल शिकवत असू, तेव्हा मुले हमखास विचारीत, 'गुरुजी, डोंगरावर तर सूर्य जवळ येतो, मग ऊन जास्त नको का लागायला?' प्रश्न बरोबर आहे. पण सूर्य कोट्यवधी किलोमीटर दूर आहे. तिथे चार किलोमीटर म्हणजे काहीच नाही. शिवाय हवा थेट उन्हाने फारशी तापत नाही. ऊन जमिनीला तापवते आणि जमीन हवेला तापवते. चुलीवरचा तवा आधी तापतो, मग त्याच्या वरची हवा, तसे. वर जावे तशी हवाही विरळ होत जाते. विरळ हवा ऊब धरून ठेवत नाही. साधारण एक हजार मीटर चढले की साडेसहा अंश उष्णता कमी होते. म्हणून श्रीनगरला पाऊस पडत असतो तेव्हा गुलमर्गला पुष्कळदा बर्फ पडत असतो. ढग एकच, पाणी एकच. फरक हजार मीटरांचा.

बर्फ आणि गार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, बरं का. गार आपल्याला ठाऊक आहे. ती उन्हाळ्यातल्या उंच, काळ्या ढगात तयार होते. ढगातला वारा पाण्याच्या थेंबांना वर फेकतो, ते गोठतात, खाली येतात, पुन्हा वर जातात. असे थरावर थर चढून गार जड होते आणि मग धाडकन आदळते. बर्फाचे तसे नाही. ढग थंड असला की हवेतली वाफ पाणी न होता एकदम गोठते. तिची सहा कोनांची, नाजूक कणी तयार होते. अशा कण्या एकमेकींना चिकटतात आणि पिंजलेल्या कापसासारख्या तरंगत खाली येतात. आवाज अजिबात नाही. रात्री निजलात आणि सकाळी दार उघडलेत, तर दारासमोर दोन हात बर्फ. आला कधी, कळतही नाही.

हा बर्फ भुसभुशीत असतो. त्यात हवा पुष्कळ असते. दहा इंच ताजा बर्फ वितळवला तर साधारण एक इंच पाणी होते. पण दोन-चार दिवसांत तो दबतो, घट्ट होतो आणि जड होतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद छपरावर तीन फूट दबलेला बर्फ साचला, तर त्याचे वजन वीस क्विंटलच्या आसपास भरते. वीस क्विंटल ज्वारीची पोती घरावर रचल्यासारखे झाले. म्हणून तिथली घरे पत्र्याची आणि खूप उतरत्या छपरांची. आपल्या कोकणातही छपरे उतरती असतात, पाऊस निथळावा म्हणून. तिथे बर्फ घसरावा म्हणून.

हा बर्फ येतो कुठून? आपला पाऊस नैर्ऋत्येकडून, अरबी समुद्रावरून येतो. गुलमर्गचा बर्फ येतो पश्चिमेकडून. फार दूर, युरोप आणि आफ्रिका यांच्या मध्ये भूमध्य समुद्र आहे. तिकडे हिवाळ्यात वाऱ्याचे मोठे भोवरे उठतात. ते इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून येतात. वाटेत समुद्रांची ओल उचलतात. हिमालयाला अडले की हवा वर चढते, निवते आणि बर्फ टाकते. यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. रेडिओवर हवामानाच्या बातम्यांत हा शब्द तुम्ही ऐकला असेल. हिवाळ्यात महिन्याला असे चार-सहा झंझावात येतात. सगळेच जोराचे नसतात. एखादा नुसता ढग दाखवून जातो.

मग आपला मान्सून तिकडे जात नाही का? जातो, पण थोडा. मध्ये पीर पंजाल नावाची डोंगराची भिंत आहे. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि सह्याद्रीच्या पलीकडे माण-खटावला शेतकरी आभाळाकडे बघत बसतो, ते आपण जाणतोच. काश्मीरचे खोरे मान्सूनच्या दृष्टीने माण-खटावच आहे. त्याचे पोट भरते ते हिवाळ्याच्या बर्फावर.

काश्मिरी लोकांनी हिवाळ्याचे तीन भाग पाडले आहेत. आपण नक्षत्रे मोजतो, तसे ते चिल्ले मोजतात. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस. २१ डिसेंबरला 'चिल्लई कलां' लागते. कलां म्हणजे थोरली. ती चाळीस दिवस चालते, जानेवारीच्या अखेरीपर्यंत. मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द', धाकटी. मग दहा दिवस 'चिल्लई बच्चा', म्हणजे शेंडेफळ. आमच्या मते हा हिशेब फार शहाणपणाचा आहे. थोरलीत पडलेला बर्फ कडक गोठतो आणि टिकतो. उंच डोंगरांच्या घळींत तो चैत्र-वैशाखापर्यंत, कुठे कुठे त्याही पुढे राहतो. शेंडेफळात पडलेला बर्फ चार दिवसांत पाणी होऊन वाहून जातो. म्हणून तिथला जुना माणूस नुसता बर्फ किती पडला हे विचारत नाही. केव्हा पडला, हे विचारतो. आपणही रोहिणीचा पाऊस आणि स्वातीचा पाऊस एका मापाने मोजत नाही.

बर्फाला काश्मिरीत शीन म्हणतात. पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना नव्या शीनचे मुबारक करतात. आपल्याकडे पहिल्या पावसात पोरे अंगणात नाचतात, तसेच म्हणा.

चिल्लई कलांमध्ये गुलमर्गला रात्रीची उष्णता शून्याच्या खाली आठ-दहा अंश जाणे नेहमीचे आहे. शून्य अंशाला पाणी गोठते. त्याच्याही खाली दहा अंश म्हणजे काय, याचा विचार करा. नळ गोठतात. नुसते गोठत नाहीत, फुटतात. कारण पाणी गोठले की फुगते. अकरा तांबे पाण्याचा बारा तांबे बर्फ होतो. लोखंडी नळात फुगायला जागा नसते, मग नळ तडकतो. म्हणून तिथले लोक रात्री नळाची धार बारीक चालू ठेवतात. वाहते पाणी लवकर गोठत नाही.

एक गंमत सांगतो. ज्या रात्री बर्फ पडत असतो, त्या रात्री थंडी बेताची असते. आभाळ मोकळे झाले की दुसऱ्या रात्री खरी थंडी पडते. ढग हे जमिनीचे पांघरूण आहे. पांघरूण निघाले की जमिनीची ऊब आभाळात उडून जाते. आपल्याकडेही मार्गशीर्षात आभाळ आलेले असले की थंडी पळते आणि आभाळ फाकले की दात वाजतात. नियम एकच आहे.

लोक अंगात फेरन घालतात. फेरन म्हणजे लांब, सैल, लोकरी झगा. त्याच्या आत कांगडी धरतात. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेले मातीचे भांडे. त्यात कोळशाचे निखारे. पोटाशी शेगडी धरून माणूस बाजारात हिंडतो. ही कांगडी गरिबाची सोबतीण आहे, पण तिचा एक धोका आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. दारे-खिडक्या बंद करून खोलीत निखारे ठेवले तर कोळशातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. काश्मीरमध्ये हिवाळ्यात अशी माणसे दगावल्याच्या बातम्या येतात आणि आपल्याकडेही येतात. थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी ठेवून कोणीही निजू नये. खिडकीची फट उघडी ठेवावी आणि निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर काढावी. हे वाक्य घरात दोनदा वाचून दाखवा.

आता बर्फाचा सर्वांत मोठा धोका सांगतो. त्याला हिमस्खलन म्हणतात. डोंगरावरचा बर्फ एकदम सुटतो आणि खाली धावतो. आपल्याकडे दरड कोसळते, तशी ही बर्फाची दरड. ती का सुटते? भिंतीला जुना गुळगुळीत गिलावा आहे, त्यावर तुम्ही नवा जाड गिलावा थापलात, तर तो धरत नाही. एक मोठा पोपडा सुटून खाली येतो. बर्फाचेही तसेच आहे. जुना बर्फ उन्हाने थोडा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठून काचेसारखा होतो. त्यावर एका रात्रीत तीन-चार फूट नवा बर्फ पडला की तो नीट चिकटत नाही. वाऱ्यानेही एका बाजूला ढीग लागतात. मग एखाद्या माणसाचे वजन पडले तरी सगळा पोपडा सुटतो. फार सपाट जागी तो सुटत नाही. फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही. मधला जो उतार, तोच घातकी. आणि स्की खेळणाऱ्याला नेमका तोच उतार आवडतो!

८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गजवळ खिलनमर्गला अशी दरड सुटली. तिथे लष्कराची एक तुकडी शिक्षण घेत होती. निदान १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या उतारावर पोलंड देशाचे दोन खेळाडू दबून मेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला रशियाचा एक खेळाडू गेला. या सगळ्या तारखा फेब्रुवारीच्या आहेत, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. त्या वेळेपर्यंत थरावर थर पुष्कळ साचलेले असतात आणि नवा बर्फ मोठ्या सपाट्याने येतो. सरकार हिमस्खलनाचा इशारा देते. इशारा असला की आखून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये. मागे लागून, चार पैसे जास्त देऊन वाटाड्याला बाहेर नेणारे लोक असतात. ते आपल्याबरोबर त्या गरिबाचाही जीव टांगतात.

अफरवटवर जायला तारेवरची गाडी आहे. तिला गंडोला म्हणतात. रायगडावर तारेने चढणारा पाळणा आहे, तोच प्रकार, पण कितीतरी लांब. पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, दुसरा २००५ साली. दुसऱ्या टप्प्याचे टोक ३९५० मीटरच्या आसपास आहे. तिथे हवा विरळ असते. आम्ही एका मार्चमध्ये तिथवर गेलो होतो. दहा पावले चाललो की छाती भात्यासारखी हले. बरोबरची तरुण मंडळीही धापा टाकीत होती, त्यामुळे वयाला दोष द्यावा लागला नाही. वारा वाढला की ही गाडी बंद ठेवतात. प्रवासी त्यावर कुरकुर करतात. करू नये. २५ जून २०१७ ला, ऐन उन्हाळ्यात, जोराच्या वाऱ्याने एक झाड मोडून तारेवर पडले आणि पाळणा कोसळला. ७ माणसे गेली. त्यांत तीन स्थानिक वाटाडे होते.

मार्च लागला की बर्फ मऊ पडतो. दिवसा वितळतो, रात्री गोठतो. वर अफरवटवर स्की चालू असते, खाली गावात चिखल होतो. आपल्या आषाढातल्या चिखलासारखाच, फक्त थंडगार. एप्रिलमध्ये पाऊस पडतो, मधून गाराही पडतात. मे महिन्यात गवत वर येते आणि त्यामागून फुले येतात. पिवळी, निळी, पांढरी. आपल्या कास पठारावर भाद्रपदात फुले येतात, इकडे ती बर्फ वितळून गेल्यावर येतात. बर्फाच्या थराखाली जमीन फार गोठत नाही, कारण त्या थरातली हवा ऊब धरून ठेवते. मुळे आणि कंद खाली निजलेले असतात.

जून ते ऑगस्ट हवा गोड असते. दिवसा अंगात एक लोकरी बंडी पुरते. गुज्जर आणि बकरवाल धनगर मेंढ्या-शेळ्या घेऊन उंच कुरणांवर येतात. आपले धनगर पावसाळ्यात कोकणापासून दूर राहतात आणि दिवाळीनंतर खाली उतरतात. हे उन्हाळ्यात वर चढतात आणि थंडी लागली की खाली. गवताच्या मागे हिंडणे दोघांच्याही कपाळी आहे.

सप्टेंबरपासून आभाळ स्वच्छ होते. पण एखाद्या वर्षी पश्चिमेचा झंझावात आणि आपला मान्सून यांची तिथे गाठ पडते. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये तशी पडली. झेलम नदी फुगली आणि श्रीनगर शहर पाण्यात बुडाले. नाहीतर शरदाचे दिवस कोरडे आणि सुरेख जातात. सफरचंदे उतरतात. ऑक्टोबरमध्ये अफरवटच्या माथ्यावर पहिला पांढरा पट्टा दिसू लागतो.

हा पट्टा फार लवकर खाली उतरला तरी नुकसान, आणि उशिरा उतरला तरी नुकसान. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात काश्मीरच्या खोऱ्यात जड बर्फ पडला. सफरचंदाच्या झाडांची पाने अजून गळली नव्हती. काही झाडांवर फळेही होती. उघड्या फांदीवरून बर्फ सरकतो. पानांवर तो साचतो. फांद्या मोडल्या, खोडे मधोमध फाटली. पंधरा-वीस वर्षे वाढवलेली झाडे एका रात्रीत गेली. ज्याने गारपिटीत बाग गमावली आहे, त्याला हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

आणि २०२४ च्या जानेवारीत उलटे झाले. चिल्लई कलां लागली, पण बर्फ येईना. झंझावात दुबळे आले, कोरडेच निघून गेले. ऐन जानेवारीत गुलमर्गचे कुरण तपकिरी, वाळक्या गवताचे दिसत होते. खाली टंगमर्ग नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या खेड्यांतली माणसे गुलमर्गवर पोट भरतात. कोणी लाकडी घसरगाडीवर प्रवाशाला बसवून दोरीने ओढतो. कोणी बूट भाड्याने देतो. कोणी स्की शिकवतो. कोणी मोटारीच्या चाकांना साखळ्या बांधून वर नेतो. बर्फ नाही तर यांतले एकही काम नाही. आलेले प्रवासी माघारी गेले, पुष्कळांनी यायचे रद्द केले. पेरणी झाली नाही तर आपल्याकडे मजुराला काम मिळत नाही, तीच गत. जानेवारीच्या अखेरीला बर्फ आला. 'खेलो इंडिया'चे सामने फेब्रुवारीच्या आरंभी व्हायचे होते. ते पुढे ढकलून २१ फेब्रुवारीला सुरू झाले. पुढच्या वर्षी, २०२५ साली, पुन्हा तेच. फेब्रुवारीत बर्फ अपुरा पडला म्हणून सामने मार्चमध्ये घ्यावे लागले.

खेळ पुढे ढकलता येतो. पाणी पुढे ढकलता येत नाही. डोंगरावरचा बर्फ ही काश्मीरची पाण्याची टाकी आहे. हिवाळ्यात ती भरते आणि उन्हाळ्यात हळूहळू झेलमला, ओढ्यांना, झऱ्यांना पाणी सोडते. भाताची खाचरे त्यावर भरतात. बर्फाऐवजी पाऊस पडला तर तेवढेच पाणी येते, पण लगेच वाहून जाते. टाकीत राहत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यातला अच्छबलचा जुना, नावाजलेला झरा आटला. त्या झऱ्याभोवती मोगलांनी बाग केली होती. आसपासची गावे त्याचे पाणी पीत होती.

असे का होते आहे? पृथ्वीची हवा तापते आहे, हे आता शास्त्रज्ञ ठामपणे सांगतात. हवा तापली की बर्फाची रेघ डोंगरावर वर सरकते. पूर्वी जिथे बर्फ पडे, तिथे पाऊस पडतो. एखाद्या वर्षी पुष्कळ बर्फ पडेलही. एका वर्षावरून हिशेब करू नये. पण पंचवीस-तीस वर्षांचा हिशेब एकत्र मांडला तर कल कुठे आहे ते दिसते. युरोपात काही ठिकाणी यंत्राने पाण्याचा फवारा उडवून खेळापुरता बर्फ करतात. त्यालाही थंडी लागते आणि पाणी लागते. झऱ्यात मात्र त्याने काही भर पडत नाही.

आता द्राक्षबागेची गोष्ट. झंझावात काश्मीरवर बर्फ टाकून पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेची कोरडी, थंड हवा खाली वाहू लागते. पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून ती खानदेशात आणि नाशिक जिल्ह्यात शिरते. मग निफाडचा पारा घसरल्याची बातमी आपण वाचतो. द्राक्षाचे मणी फुगायचे थांबतात, मण्यांना तडे जातात. शेतकरी बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतात. एखादा झंझावात जरा दक्षिणेकडे उतरला आणि त्याची आपल्या समुद्रावरच्या ओलसर वाऱ्याशी गाठ पडली, तर अवकाळी पाऊस आणि गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी मोठी गारपीट झाली, तिच्यात या पश्चिमी वाऱ्यांचा हात होता. म्हणून रेडिओवर 'काश्मीरमध्ये जोरदार बर्फवृष्टी' असे ऐकले की द्राक्षवाल्याने आणि ज्याची रब्बी काढणीला आली आहे त्याने पुढचे दोन-तीन दिवस कान उघडे ठेवावेत.

तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, किंवा मुलगा पलटणीतून रजेवर येऊन परत निघाला असेल, तर थोड्या गोष्टी सांगून ठेवतो. एकच जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. त्यांच्या मध्ये हवा राहते आणि ऊब टिकते. मोजे ओले झाले की लगेच बदलावेत. बोट बधिर झाले, पांढरे पडले, तर तो हिमदंश. त्यावर बर्फ चोळू नये, निखाऱ्याशीही धरू नये. बधिर बोटाला चटका कळत नाही. उबेच्या जागी आल्यावर ते कोमट पाण्यात ठेवावे आणि डॉक्टरला दाखवावे. दारूने ऊब येते हा समज खोटा आहे. कातडी गरम वाटते, पण अंगातली ऊब बाहेर जाते. बर्फावर ऊन पडले की त्याची झळ खालून डोळ्यांवर येते. काळा चष्मा तिथे चैनीचा नाही, गरजेचा आहे. आणि फुले पाहायची असतील तर जूनच्या पुढे जावे. बर्फ पाहायचा असेल तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत. तिकिटे काढण्यापूर्वी बर्फ पडला आहे की नाही, तेवढे मात्र विचारून घ्यावे.